मी न पाहिलेली अमाउती

आत्या, अमाउती सापडली. लोखंडी पेटीत होती, झाशीच्या राणीच्या नऊवारींखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दोन्ही बाह्यांत तू डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या होत्यास.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुझा सुहास पुण्याहून आला आहे आणि त्याला परतायची घाई आहे. तो म्हणाला, "शुभा, दुर्गचा एक जण सगळे ड्रेस एकदम उचलतो म्हणतो. तू फक्त यादी करून दे." म्हणून सुपेल्यातल्या तुझ्या दुकानाचं शटर अर्धं वर करून मी यादी करत बसले होते. पोपट, टमाटे, सैनिक, भारतमाता, डॉक्टर, दोन मोर, एक चंद्र. वीस वर्षं भिलाईतली पोरं तुझ्या दुकानातून दुसरं कुणीतरी होऊन शाळेच्या स्टेजवर गेली आणि दुसऱ्या दिवशी ड्रेस परत करायला पुन्हा आपापल्या शर्टात आली. यादी सोपी होती. मग पेटी उघडली.

मी ती पहिल्यांदा पाहिली, आत्या. ज्या कपड्याविरुद्ध मी पत्रक लिहिलं, छापलं, शाळेच्या गेटवर उभी राहून वाटलं, तो कपडा मी पहिल्यांदा पाहिला. पत्रकाला वर्ष होत आलं तेव्हा, आणि तू नसताना.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठले. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल लिहिलं की मन शांत होतं. मला शांत व्हायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडणात या वेळी हरायचं आहे.

सुरुवात माझ्याच तोंडानं झाली होती. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, शाळांच्या ॲन्युअल फंक्शनचा महिना. मी शिक्षण संपवून रायपूरहून परत आले होते आणि दुपारी तुझ्या दुकानात येऊन बसत होते. एक बाई आली. "आंटी, एक एस्किमो दे दो, तीसरी क्लास का." तू वर न बघता मागे हात घालून काढलास. पांढऱ्या सॅटिनचा शर्ट-पायजमा, टोपीला गोंदानं चिकटवलेला कापूस, सोबत पुठ्ठ्याचा मासा. बाई म्हणाली, "मछली दूसरी दो ना, इसकी आँख नहीं है." तू म्हणालीस, "स्टेज से आँख कौन देखता है, बेटा?"

ती गेली आणि मी सुरू झाले. एस्किमो हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते नको आहे, ते स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे फक्त माणसं. आणि हा कापूस, हा मासा, हा नाच, ही एका जिवंत समाजाची थट्टा आहे. "उद्या कुणी आपल्या नऊवारीचं असं सोंग केलं तर?"

"करतातच की," तू म्हणालीस. "‘मराठी’ म्हणून नऊवारीत नाचतात पोरी. मीच देते." मग तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचलीस. "झालं तुझं भाषण? आता सांग, मंग त्या लोकाइच्या कपड्याले म्हणतात काय?"

मला माहीत नव्हतं.

"नाव माहीत नाई आणि भांडून राहिली," तू म्हणालीस, आणि चहा सांगितलास.

मी चिडून घरी गेले आणि दोन दिवस शोधत बसले. बाबांच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून आणले. लहानपणापासून मी तेवढंच करत आले होते. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे, आणि अक्षरं मला त्या कागदांवरूनच लागली. त्या कागदावर मी तुला लिहून दिलं: अतिगी, आतला कोट, केस अंगाकडे. कुलित्ताक, वरचा कोट, केस बाहेर. कामिक, पायातले कातड्याचे बूट. पुआलुक, हातातले थैलीसारखे मोजे. उलू, बायकांची अर्धगोल सुरी. आणि अमाउती, बायकांचा कोट, ज्याच्या पाठीवर बाळासाठी पिशवी असते. खाली टीप घातली की गावागणिक शब्द बदलतात. पार्का हा शब्द त्यांचा नाही, तो आणखी दुसऱ्या कुणाकडून रशियनांच्या हातून फिरत आलेला आहे, हेही लिहिलं. तू तो कागद शिलाई मशीनच्या वर भिंतीवर चिकटवलास. महिन्याभरात तुला सगळे शब्द पाठ झाले. गिऱ्हाइकानं "स्वेटरवाला कुछ है क्या?" विचारलं की तू मला डोळा मारून म्हणायचीस, "कुलित्ताक दाखवू का?"

मला वाटलं, झालं. शब्द दिले, काम संपलं. माझ्या कामाची रीतच ती आहे: बरोबर शब्द कागदावर आला की मी पुढच्या कागदाकडे वळते.

तू वळली नाहीस. तुला पडलेले प्रश्न मला कधी पडलेच नव्हते. "आतल्या कोटाचे केस अंगाकडे कावून? टोचत नसतीन?" मग तूच दोन दिवसांनी सांगितलंस की दोन कोटांच्या मधे हवा राहते आणि ती हवाच गरम असते, स्वेटरवर स्वेटर घालण्यासारखं ते नाही. टोपीच्या कडेला लांब आणि आखूड केस मिसळून का लावतात, तर वारा तोंडासमोर तुटतो. आणि वुल्व्हरीन नावाच्या एका प्राण्याचे केस खास त्या कडेला, कारण श्वासाची वाफ त्यांच्यावर गोठली तरी हातानं झटकली की पडते. भिलाईत, जिथे मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते, तिथे तू मला हे सांगत होतीस, आणि मी घड्याळ बघत होते.

तू फोनवर इनुइट बायकांचे व्हिडिओ बघायचीस. भाषा कळत नव्हती म्हणून आवाज बंद. "आवाजाचं काय काम? हात पाहून राहिली मी." त्यांच्या हातात टेप नव्हता, हे तुला पहिल्यांदा दिसलं. बोटांच्या वितीनं आणि नजरेनं माप. तू खूश झालीस, कारण तूही पोराला दारात उभं करून नुसतं बघायचीस आणि कापायचीस. एकीला दातांनी कातडं चावून मऊ करताना पाहिलंस तेव्हा म्हणालीस, "हे नाई जमणार आपल्याले. माझ्या कवळीले परवडणार नाई."

पॉवर हाउस भागातल्या बाजारातून, टेडी बनवणाऱ्यांकडून तू नकली फरचं कापड आणलंस. पहिला तुकडा तू कात्रीनं कापलास आणि कड न्हाव्यानं भादरल्यासारखी झाली. दुसराही वाया गेला. मग तुला त्या बायकांचा हात आठवला. कातडं उलटं, केस खाली, आणि उलूचं पातं मागच्या बाजूनं अलगद. कातडं कापलं जातं, केस नाही. तू ब्लेडच्या पात्यानं तसं केलंस. शिवल्यावर केस जोडावरून वाहिले आणि शिवण दिसेनाशी झाली. तू मला हाक मारून ती जागा दाखवलीस. "शोध बरं जोड." मला सापडला नाही. "तू शब्द आणले," तू म्हणालीस, "हा हात कुठं लिहिला होता तुझ्या कागदावर?"

ते मे महिन्याचे दिवस होते. फर कापताना तूस उडते म्हणून तू पंखा बंद ठेवायचीस. कूलर तर विचारूच नको. ओढणी नाकाला बांधून, घामानं निथळत, तू जगातल्या सगळ्यात थंड प्रदेशाचा कपडा शिवायला शिकत होतीस. मी दारातूनच म्हणायचे, "आत्या, मरशील," आणि निघून जायचे.

फरवरून झालेलं भांडण अर्धंच राहिलं. मी म्हटलं, नकली फर ठीक आहे, पण खरी फर म्हणजे जनावर मारून मिरवणं. तू विचारलंस, "त्याइनं काय घालावं? कॉटन?" मी म्हटलं, आता बाजारात सगळं मिळतं. तू म्हणालीस, "बाजारात. म्हणजे कोणाचं तरी दुसऱ्याचं. आपलं सोडून द्याव आणि दुसऱ्याचं विकत घ्याव, हे तू कधीपासून शिकवून राहिली?" मी गप्प बसले नाही, मोठ्यानं बोलत राहिले. नंतर वाचलं की सीलच्या शिकारीविरुद्ध दूरच्या शहरांत जी पत्रकं निघाली, त्यांच्यामुळे कातड्यांचा बाजारच बसला, आणि ज्यांच्या घरात त्यामुळे चणचण आली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पत्रकं माझ्यासारख्यांनीच लिहिली असणार. चांगल्या मनाची, स्वच्छ शुद्धलेखनाची माणसं. हे मी वाचलं आणि तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस.

दुसरंही भांडण राहिलं आहे, आणि त्यात मी अजूनही माझ्या जागेवर उभी आहे. एका समाजाचा कपडा पाच मिनिटं घालून, टाळ्या घेऊन उतरणं मला आजही पटत नाही. तू म्हणायचीस, "मंग पोराइले कसं समजन? पुस्तकातून? तुले समजलं का पुस्तकातून?" मी म्हणायचे, निदान पुस्तक नाचत नाही. यावर तू हसायचीस. तुझं उत्तर पूर्ण यायच्या आधी मी कुठल्यातरी मीटिंगला जायला निघायचे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत मी तुझ्याकडे आलेच नाही. ठेका मजुरांचं काम सुरू होतं, रोज एक पत्रक, रोज एक गेट. तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा एकच म्हणालीस. "येऊन पाय ना एकडाव." काय पाहायचं, हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. "आत्या, वेळ नाही गं." तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "बरं. तुह्या वेळेवर ये," आणि फोन ठेवलास.

डिसेंबरात मैत्रिणीनं सांगितलं की टाउनशिपमधल्या एका शाळेत ‘देश-विदेश’ नावाचा कार्यक्रम आहे, त्यात एस्किमोचा नाच आहे आणि ड्रेस तुझ्या दुकानातून चालला आहे. माझं डोकं फिरलं. इतकं सांगून, शब्द लिहून देऊन, शेवटी तोच कापूस आणि तोच मासा? मला वाटलं, फरचा तो नुसता नाद होता, तू मला फसवलंस. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, "बच्चों को जोकर मत बनाइए". त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं: "रुई चिपकाकर किसी क़ौम की नक़ल उतारना संस्कृति नहीं है." तुझं नाव घातलं नव्हतं. सुपेल्यात ज्याला वाचता येतं त्याला कळलं असणार.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आणि दोघीजणी शाळेच्या गेटवर उभ्या होतो. पालक पत्रकं घेत होते. प्राचार्य बाहेर आल्या, एक पत्रक मागून घेतलं, शांतपणे वाचलं. तासाभरात आतून निरोप आला की तो आयटम काढून टाकला आहे. आम्ही गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मला आठवतं, मी तेव्हा खरोखर आनंदी होते.

संक्रांतीला तुझ्याकडे आले. तू तिळगूळ दिलास, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केलीस. मग म्हणालीस, "तुझं पत्रक वाचलं."

"मग?"

"छपाई चांगली आहे. कानामात्रा कुठं चुकली नाई."

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं की आत्याला पत्रक आवडलं. आत्या, मी खरंच तसं सांगितलं.

त्यानंतर वर्षभर आपण भेटत राहिलो. सण, वाढदिवस, दवाखाना. तू मला पेटी उघडून दाखवली नाहीस. मी भिंतीकडे बघून कधी विचारलं नाही की शब्दांचा तो कागद कुठे गेला. तुझ्या तेरवीला खेमिन आली नसती तर मला कधी कळलंही नसतं.

ती मांडवाच्या कडेला बसली होती. दुकानामागच्या वस्तीत राहते, बांधकामावर रेजाचं, म्हणजे मजुरणीचं, काम करते, एवढं मला माहीत होतं. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "तैं सुभा दीदी अस ना? काकी तोर बारे में बताय रिहिस." काकी म्हणजे तू; माझ्याबद्दल तू तिला सांगितलं होतंस. आणि मग हिंदी-छत्तीसगढी मिसळून तिनं सगळं सांगितलं, तिच्या दृष्टीनं ती तुझी एक चांगली आठवण होती म्हणून. तिची मुलगी दामिनी त्या शाळेत आरटीईतून शिकते. ‘देश-विदेश’साठी टीचरनी मुलींना आपापले ड्रेस आणायला सांगितलं. दामिनी तुझ्या दारात येऊन उभी राहिली, आणि तू तिला नुसतं बघून माप घेतलंस.

खेमिन म्हणाली, "मोला पूछिस काकी, लइका ला पीठ में कइसे बाँधथस?" बाळाला पाठीवर कशी बांधतेस, हे तू तिला विचारलंस. दुकानात तिला तिच्या धाकट्याला पाठीवर बांधायला लावलंस, सोडायला लावलंस, पुन्हा बांधायला लावलंस. ओझं कुठे बसतं, खांद्यावर की कमरेवर, हे तू तिच्या पाठीवर हात ठेवून पाहिलंस. रडणाऱ्या पोराला न सोडता पुढे कसं आणते, तेही. अमाउतीचे खांदे इतके सैल का असतात, हे तुला तिथे उमगलं असणार. बाळाला थंडीत बाहेर न काढता, कोटाच्या आतूनच पाठीवरून छातीशी आणायचं असतं म्हणून. मी तो कोट ‘पाठीवर पिशवी असलेला’ असं एका ओळीत संपवला होता. तुला ती ओळ पुरली नाही. तू एका बाईला गाठलंस जी ते काम रोज करत होती.

मी खेमिनला विचारलं, "मग नाच?"

"नाच काहाँ होइस," ती म्हणाली. "ओ दिन कोनो कागज बाँटिन गेट में. टीचर मन डर्रा गे." कुणीतरी गेटवर कागद वाटले आणि टीचर घाबरल्या. तिच्याच नाचातल्या हॉलंड आणि जपानवाल्या मुलींना दुसऱ्या नाचात घेतलं. दामिनी त्या कोटात ग्रीनरूममध्ये बसून राहिली, कार्यक्रम संपेपर्यंत. काढ म्हटलं तर काढेना.

कागद कुणी वाटले हे खेमिनला माहीत नव्हतं. मी तिथे, तुझ्या तेरवीच्या मांडवात, तिला सांगितलं नाही. हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

म्हणून पेटी उघडली, आत्या. यादी हे निमित्त होतं.

मी ती उलटून-पालटून पाहिली. कापसाचा एक पुंजका नाही. पुढचा पदर गोल आणि आखूड, मागचा लांब शेपटासारखा, जसा असतो तसा. टोपी मोठी, कडेला दोन रंगांची फर, लांब आणि आखूड केस मिसळलेले. पाठीवर पिशवी, आणि तिच्याखाली ओझं पेलणारा कमरेचा पट्टा. पिशवीत तुझ्या हातची कापडी बाहुली, तिच्याही अंगात इवलासा कोट. मी पिशवीत हात घातला तर बाहुलीखाली एक कागद होता, तुझ्या अक्षरात, हिंदीत. दामिनीनं स्टेजवर म्हणायची वाक्यं. "हमारे लोग इनुइट कहलाते हैं. मेरे कोट का नाम अमाउती है. इसमें माँ अपने बच्चे को पीठ पर रखती है, जैसे हमारे यहाँ की माँ लुगरे में बाँधती है." सूत्रसंचालकाच्या कागदावरही तू एस्किमो खोडून इनुइट लिहायला लावलं होतंस, ते खेमिननंच सांगितलं. टीचरशी वाद घातलास म्हणे.

म्हणजे माझ्या पत्रकात जे जे मागितलं होतं, ते ते तू आधीच केलं होतंस. गेटच्या बाहेर मी, आत तू शिवलेलं माझंच म्हणणं. आणि मी ते बंद पाडलं.

तू सांगितलं का नाहीस? इथे मला तुझा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. लोक आता तुला सोशिक म्हणतील, मोठ्या मनाची म्हणतील. मी म्हणणार नाही. तू संक्रांतीला ती पेटी उघडून माझ्या तोंडावर फेकायला हवी होतीस. कानामात्रा चुकली नाही म्हणे! मला माहीत आहे, तू वाट बघत होतीस की मी स्वतःहून विचारीन. तुला वाटलं, एवढं शिकलेली पोरगी, कधीतरी विचारेलच. हा तुझा अंदाज चुकला. आयुष्यभर तू नजरेनं मापं घेतलीस, सगळी बरोबर, आणि माझंच तेवढं मोठं धरलंस.

आणि खरं सांगू? सांगितलं असतंस तरी मी लगेच मान्य केलं नसतं. काहीतरी तात्त्विक शोधून काढलं असतं. तुलाही ते माहीत होतं.

यादीत मी अमाउती लिहिली नाही. सुहासला म्हटलं, ही दुर्गला जाणार नाही. तो म्हणाला, "ठेव ना तुला हवी तर. तुझीच आयडिया होती ना ती?" मी ती पुन्हा चादरीत गुंडाळली.

काल दुपारी ती घेऊन खेमिनकडे गेले. ती कामावर गेली होती. दामिनी घरात एकटी, शाळेतून नुकतीच आलेली, अभ्यास करत होती. आता सहावीत आहे. मी चादर सोडली. ती जवळ आली नाही, लांबूनच पाहिलं.

"ये मेरा था," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझंच आहे, म्हणून आणलं.

तिनं उचललं, अंगाला लावून पाहिलं. बाही मनगटाच्या वर राहिली. "अब छोटा हो गया. और मैं अब डांस में नहीं हूँ, कबड्डी में हूँ." मग बाहुली काढून बघितली. "आंटी ने इसका भी कोट बनाया था. मैंने बोला था इसको ठंड लगेगी."

मी तिला सांगितलं. हिंदीत, एका दमात. ते कागद मी वाटले होते, मी लिहिले होते, मी हा कोट पाहिला नव्हता, मला वाटलं जुनाच ड्रेस आहे. आत्यानं तुझ्यासाठी काय केलं होतं, मला माहीत नव्हतं.

दामिनीला आश्चर्य वाटलं नाही. "मालूम है. आपको मैंने खिड़की से देखा था. हरा कुर्ता पहने थे. आंटी भी थीं मेरे साथ."

तू तिथे होतीस. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तू त्या खिडकीत उभी राहून मला पत्रकं वाटताना पाहिलंस.

"आंटी कुछ बोलीं?" मी विचारलं.

"बोलीं, वो मेरी भतीजी है." दामिनी बाहुलीच्या कोटाची टोपी वर-खाली करत होती. "मैंने बोला, तो उनको अंदर बुला लो ना. आंटी बोलीं, आएगी तो आएगी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, एखादी न समजलेली गोष्ट विचारावी तसं. "आप अंदर क्यों नहीं आए? गेट तो खुला था. कोई मना थोड़ी करता."

इतकी पत्रकं लिहिली, आत्या, एकाही ओळीत याचं उत्तर नाही. मी म्हटलं, "आना चाहिए था. मेरी गलती थी. माफ कर दो."

हे तुझ्या दुकानात, मशीनसमोर उभी राहून तुला म्हणायचं होतं, तुझ्याच भाषेत. आत्या, मले माफ कर. मी पाहायले आली नाई.

ते मी अकरा वर्षांच्या मुलीला हिंदीत म्हटलं. ती म्हणाली, "ठीक है." बाहुली स्वतःकडे ठेवली, कोट घडी घालून मला परत दिला आणि कबड्डीला निघून गेली.